खानदेशातील विद्याकेंद्रे : परदेशी लौकिक व परदेशी विद्यार्थी

एखाद्या विद्यापीठाचा वा तत्सम विद्याकेंद्राचा लौकिक देशाच्या सीमा ओलांडून जातो, तेव्हा त्याची दोन फळे दिसून येतात. तेथे निर्माण झालेले ग्रंथ व विचार परदेशांतील अभ्यासकांपर्यंत पोहोचतात, हे एक आणि परदेशांतील विद्यार्थी तेथे शिकावयास येतात, हे दुसरे. ही दोन्ही फळे नेहमी एकत्र आढळतातच असे नाही. पहिले मुख्यतः विद्वत्तेवर अवलंबून असते. दुसऱ्यासाठी विद्वत्तेच्या जोडीला पदवीची मान्यता, राहण्याची सोय, शिष्यवृत्त्या, शिक्षणाचे माध्यम आणि सातत्याने चालणारी व्यवस्था यांची आवश्यकता असते. तापी व गिरणा नद्यांच्या खोऱ्यातील खानदेशाचा—म्हणजे आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांचा—शैक्षणिक इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. या प्रदेशात तेराव्या शतकाच्या आरंभी पाटण येथे व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमळनेर येथे अशी दोन विद्याकेंद्रे उभी राहिली, की ज्यांच्याशी निगडित असलेली विद्या दूरदेशी पोहोचली. परंतु तिच्या शोधात परदेशी विद्यार्थ्यांचा ओघ मात्र येथे आला नाही. १९९० मध्ये खानदेशास स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. मान्यताप्राप्त पदवीची व्यवस्था त्यामुळे स्थानिक पातळीवर प्रथमच निर्माण झाली आणि लौकिकाचा प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आला.

प्राचीन पार्श्वभूमी : भारतातील प्राचीन विद्याकेंद्रांपैकी नालंदा येथे परदेशी विद्यार्थी येत असत, याचा उत्कृष्ट पुरावा चिनी यात्रेकरूंच्या वृत्तांतांत मिळतो. ह्युएनत्संग सातव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे शिकला. इत्सिंग याने त्याच शतकाच्या उत्तरार्धात तेथे सु. दहा वर्षे वास्तव्य केले. प्रवेशेच्छू विद्वानांची द्वारावरच परीक्षा घेतली जाई व पुष्कळांना परत जावे लागे, असे ह्युएनत्संग सांगतो. नालंदेचा विद्यार्थी म्हणून खोटेच मिरविणाऱ्यांनाही सर्वत्र मान मिळे, अशीही त्याची नोंद आहे. एखाद्या विद्याकेंद्राच्या केवळ नावाला बाजारात किंमत आली, म्हणजे त्या नावाचा गैरवापरही सुरू होतो, हे आजच्या बनावट पदवीपत्रांच्या काळातील वाचकांस परिचित असलेले तथ्य त्यातून स्पष्ट होते.

नालंदेचा लौकिक केवळ अध्यापनावर टिकून नव्हता. पाल राजा देवपाल याच्या नवव्या शतकातील ताम्रपटावरून असे दिसते, की सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याने नालंदा येथे विहार बांधला व त्याच्या निर्वाहासाठी त्याच्या विनंतीवरून देवपालाने पाच गावे दान दिली. परदेशी विद्यार्थ्यांच्या निवासाची व निर्वाहाची अशी कायम तरतूद त्या काळीही आवश्यक मानली जात होती, हे यावरून लक्षात येते. इत्सिंगने नालंदेच्या बरोबरीने सौराष्ट्रातील वलभीचा उल्लेख केला आहे. या दोन ठिकाणी दोनतीन वर्षे अध्ययन करून विद्यार्थी राजदरबारी आपली योग्यता सिद्ध करण्यास जात, असे तो लिहितो. खानदेशाच्या दक्षिण सीमेवरील अजिंठ्याच्या लेण्यांशी जुळणारे एका विहाराचे वर्णनही ह्युएनत्संगाने महाराष्ट्राच्या संदर्भात केलेले आहे. भिक्षू, यात्रेकरू व व्यापारी यांच्या वाटा या प्रदेशातून जात होत्या. त्यामुळे दूरदेशीच्या माणसांची ये-जा खानदेशास अपरिचित नव्हती.

पाटण येथील मठ : चाळीसगावच्या नैर्ऋत्येस सु. १६ किमी. अंतरावर सह्याद्रीच्या सातमाळा रांगेच्या पायथ्याशी पाटण (पाटणे) हे स्थळ असून तेथील भवानीचे मंदिर पाटणादेवी या नावाने प्रसिद्ध आहे. या मंदिरातील संस्कृत शिलालेखाकडे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांचे लक्ष वेधले व १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याविषयीचे विवेचन प्रसिद्ध केले. पुढे पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात संस्कृतचा प्राध्यापक असलेला जर्मन पंडित फ्रांट्स कीलहॉर्न याने एपिग्राफिया इंडिकाच्या पहिल्या खंडात (१८९२) हा लेख पुन्हा संपादून प्रसिद्ध केला.

लेखात देवगिरीच्या यादव राजांची व त्यांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातील राजांची वंशावळ आहे. त्यानंतर शांडिल्य गोत्रातील एका विद्वान घराण्याच्या पिढ्या क्रमाने दिल्या आहेत. त्रिविक्रम हा कविचक्रवर्ती. त्याचा पुत्र भास्करभट्ट याला भोजराजाकडून विद्यापती ही पदवी मिळाली. त्याच्या वंशात पुढे महेश्वर व त्याचा पुत्र प्रसिद्ध गणिती भास्कराचार्य (जन्म १११४) झाला. भास्कराचार्याचा पुत्र लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपाल याने या नगरातून नेऊन आपल्या दरबारी पंडितांचा प्रमुख केले. लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी होता. त्याने आपल्या आजोबांच्या शास्त्राच्या प्रसारासाठी पाटण येथे मठ स्थापन केला. सिद्धांतशिरोमणी  व भास्कराचार्याचे इतर ग्रंथ, तसेच त्याच्या वंशजांनी रचलेले ग्रंथ यांचे अध्यापन या मठात अवश्य व्हावे, असा लेखाचा स्पष्ट आशय आहे. एका विशिष्ट शास्त्राचा व त्याच्या विशिष्ट ग्रंथांचा अभ्यासक्रम शिलालेखाने नेमून दिल्याचे असे उदाहरण विरळाच आढळते.

मठासाठी निकुंभ राजा सोइदेव याने शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा या दिवशी चंद्रग्रहणाच्या वेळी दान दिले. कीलहॉर्नच्या गणनेनुसार हा दिवस ऑगस्ट १२०७ मध्ये पडतो. सोइदेवाचा धाकटा भाऊ हेमाडिदेव याच्याही काळात मठाला दाने मिळाली. लेखाच्या अखेरचा भाग जुन्या मराठीत असून मराठीच्या आरंभकालीन कोरीव लेखांमध्ये त्याची गणना होते. या भागात मठाच्या उत्पन्नाची तजवीज सांगितली आहे. पाटणच्या बाजारात विक्रीस येणाऱ्या मालावर राजाचा जो हक्क असे, तो मठास सोडून देण्यात आला. ब्राह्मणांनी व नगराने आपापल्या हक्काचा वाटा दिला. व्यापाऱ्यांनी बैलांवरून येणाऱ्या मालावर व तेलघाण्यांवर ठराविक देणे लावून घेतले. गणिताच्या या अध्ययनाचा भार केवळ राजावर नव्हता. गावच्या दुकानदारांनी, घाणेवाल्यांनी आणि गिऱ्हाइकांनीही तो उचलला होता. विद्यासंस्थेच्या आर्थिक पायाविषयी आजही विचार करावयास लावणारी ही तरतूद आहे.

या घराण्याची विद्या एकट्या पाटणपुरती मर्यादित नव्हती. चाळीसगाव तालुक्यातीलच बहाळ येथील शके ११४४ (इ. स. १२२२) च्या शिलालेखात अनंतदेवाचा उल्लेख आहे. तो भास्कराचार्याचा भाऊ श्रीपती याचा नातू होय. तोही सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता व त्याने ब्रह्मगुप्त व वराहमिहिर यांच्या ग्रंथांतील भागांवर भाष्ये लिहिली होती. तेराव्या शतकाच्या पहिल्या पाव शतकात गिरणेच्या परिसरात ज्योतिर्गणिताची एक जिवंत परंपरा नांदत होती, असे या दोन लेखांवरून म्हणता येते. भास्कराचार्याचे मूळ गाव विज्जडविड नेमके कोणते, याविषयी मात्र विद्वानांत मतभेद आहेत.

ग्रंथांचा परदेशप्रवास : भास्कराचार्याचा सिद्धांतशिरोमणी  (११५०) लीलावती, बीजगणित, ग्रहगणित  व गोलाध्याय  अशा चार भागांचा आहे. त्याच्या भाषांतरांचा इतिहास म्हणजे पाटणच्या मठात शिकविल्या जाणाऱ्या विद्येच्या परदेशी लौकिकाचाच इतिहास होय. अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ मध्ये लीलावतीचे  फार्सी भाषांतर केले. हाच फैजी १५९१ मध्ये अकबराचा वकील म्हणून खानदेशच्या फारुकी सुलतानाकडे बुऱ्हाणपुरास आला होता. रावेर तालुक्यातील सावदा हे गाव बुऱ्हाणपूरपासून फार दूर नाही. ज्या प्रदेशात एके काळी लीलावतीच्या  अध्यापनासाठी बाजारपेठेतून कर वेगळा काढला जात होता, त्याच प्रदेशात तिचा फार्सी भाषांतरकार राजकीय कामासाठी यावा, हा एक लक्षणीय योगायोग म्हणावा लागेल. १६३४ च्या सुमारास अताउल्ला रशीदी याने बीजगणिताचे  फार्सी भाषांतर केले.

इंग्रजीतील भाषांतरे एकोणिसाव्या शतकात झाली. एडवर्ड स्ट्रेची याने १८१३ मध्ये फार्सीवरून बीजगणिताचे, जॉन टेलर याने १८१६ मध्ये मुंबईत लीलावतीचे  आणि हेन्री टॉमस कोलब्रुक याने १८१७ मध्ये लंडन येथे मूळ संस्कृतवरून दोहोंचे भाषांतर प्रसिद्ध केले. यामुळे यूरोपीय गणितज्ञांना एक आश्चर्यकारक गोष्ट कळून आली. एखाद्या वर्गसंख्येला ६१ ने गुणून त्यात १ मिळविला असता पुन्हा वर्गसंख्या यावी, अशी संख्या कोणती, हा प्रश्न फ्रेंच गणितज्ञ फेर्मा याने १६५७ मध्ये समकालीनांपुढे आव्हान म्हणून ठेवला होता. भास्कराचार्याने त्याच प्रश्नाचे उत्तर चक्रवाल पद्धतीने पाच शतके आधीच काढलेले होते व त्यातील लहानात लहान संख्या २२,६१,५३,९८० एवढी मोठी आहे.

येथे कालक्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. कोलब्रुकचे भाषांतर १८१७ चे, तर पाटणच्या शिलालेखावरील लेख १८६५ चा आहे. ज्या मठात हे ग्रंथ शिकविले जात होते, त्याची माहिती विद्वज्जगतास होण्यापूर्वी सु. ४८ वर्षे ते ग्रंथ लंडनमध्ये इंग्रजीतून वाचले जात होते. देवगिरीचे यादव राज्य १३१८ मध्ये संपुष्टात आले. मठाला आधार देणारी मांडलिकांची, नगराची व बाजाराची घडीही राहिली नाही. पाटणचा परिसर आज गौताळा अभयारण्याच्या जंगलात येतो. ग्रंथांना नकलाकार व भाष्यकार मिळत गेल्यामुळे ते टिकले. पण मठास वारस मिळाला नाही. परिणामी विद्येचा लौकिक स्थळाच्या लौकिकापासून तुटून एकटाच प्रवास करीत राहिला.

मुंबई विद्यापीठाचा कालखंड : मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर झाली. खानदेशातील विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी प्रथम पुणे वा मुंबई गाठावे लागे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६० नंतरच्या दशकात भुसावळमार्गे पुढे गेली व सावदा हे त्या लोहमार्गावरील स्थानक झाल्याने हा प्रवास सुकर झाला, तरी तो खर्चाचाच होता. १९४५ च्या सुमारास जळगाव येथे मूळजी जेठा महाविद्यालय व अमळनेर येथे प्रताप महाविद्यालय सुरू झाल्यावर पदवीचे शिक्षण खानदेशात उपलब्ध झाले. या काळातील पदवीधारकांच्या पदवीपत्रावर मुंबई विद्यापीठाचे नाव असे आणि ब्रिटिश साम्राज्यातील शिक्षणसंस्थांना ते परिचित होते. उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला जाणाऱ्या विद्यार्थ्यास आपले विद्यापीठ कोठले, हे वेगळे समजावून सांगावे लागत नसे.

अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर : खानदेशाच्या आधुनिक शैक्षणिक इतिहासात परदेशी लौकिकाचे सर्वांत ठळक उदाहरण अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराचे आहे. गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यातून १९१६ मध्ये ही संस्था स्थापन झाली. शांकर अद्वैताचे अध्ययन व संशोधन हा तिचा मुख्य हेतू होता. भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतील तरुण अभ्यासकांना निवासाची सोय व विद्यावेतन देऊन केवळ तत्त्वचिंतनासाठी मोकळीक देण्याची तिची योजना त्या काळी अपूर्व होती. साने गुरुजींनीही प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होण्यापूर्वी काही काळ येथे अध्ययन केले. घ. र. मलकानी, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती यांसारखे विचारवंत येथे एकत्र आले. बंगालमधील थोर तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य यांनी १९३३–३५ या काळात संस्थेचे संचालकपद भूषविले. विषयीची (ज्ञात्याची) मुक्तता या विषयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३० मध्ये अमळनेरहूनच प्रसिद्ध झाला होता. अज्ञान  या विषयावरील मलकानी, दास व मूर्ती यांचा संयुक्त ग्रंथ १९३३ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला.

१९२५ पासून संस्थेच्या वतीने फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली  हे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले व ते सु. चार दशके चालले. आधुनिक भारतीय तत्त्वज्ञानातील अनेक महत्त्वाच्या वादांना त्याने व्यासपीठ मिळवून दिले. सर्वपल्ली राधाकृष्णन व म्यूरहेड यांनी संपादिलेल्या समकालीन भारतीय तत्त्वज्ञानविषयक ग्रंथात (लंडन, १९३६) भट्टाचार्यांच्या लेखाचा समावेश झाला. सूतगिरणीचे गाव असलेल्या अमळनेरचे नाव अशा प्रकारे परदेशांतील तत्त्वज्ञान-अभ्यासकांना माहीत झाले. पुढे पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने अमळनेरच्या प्रताप तत्त्वज्ञान केंद्राच्या सहकार्याने १९७३ पासून इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली  हे त्रैमासिक चालविले व जुन्या नियतकालिकाचा वारसा पुढे नेला.

तथापि अमळनेर हे परदेशी विद्यार्थ्यांचे केंद्र झाले नाही. ही संस्था विद्यापीठ नव्हती. पदवी देणे हे तिचे कार्यही नव्हते. दूरच्या देशातील तरुणाला शिक्षणासाठी घर सोडताना परतल्यावर दाखविता येईल अशा प्रमाणपत्राची गरज असते. निखळ तत्त्वचिंतनासाठी येणारा विद्यार्थी सर्वच काळी विरळा होय. शिवाय संस्थेचा आधार एका दात्याचे औदार्य हा होता. पाटण येथे बाजारपेठ, नगर व राजसत्ता या तिघांनी मिळून मठ पोसला. अमळनेर येथे ते कार्य प्रामुख्याने एका घराने केले. ज्ञानाच्या गुणवत्तेत अमळनेर कोठेही उणे नव्हते. उणीव होती ती विद्यार्थ्याला ओळखता येईल अशा व्यवस्थेची.

पुणे विद्यापीठ व परदेशी विद्यार्थी : पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झाले. बॅ. मुकुंदराव जयकर हे त्याचे पहिले कुलगुरू होत. खानदेशातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाकडून या नव्या विद्यापीठाकडे आली आणि १९९० पर्यंत त्यास संलग्न राहिली. सावद्याजवळच्या फैजपूर येथे १९६१ मध्ये सुरू झालेले धनाजी नाना महाविद्यालयही याच छत्राखाली आले. या चार दशकांत फैजपूर वा जळगाव येथे शिकणारा शेतकऱ्याचा मुलगा आणि पुण्यात शिकणारा परदेशी विद्यार्थी हे दोघेही एकाच विद्यापीठाची पदवी घेत होते.

पुण्याचा परदेशी लौकिक विद्यापीठाच्या स्थापनेपूर्वीपासूनचा होता. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेतून विकसित झालेले डेक्कन महाविद्यालय, १९१७ मध्ये स्थापन झालेली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था व तेथून १९६६ पर्यंत पूर्ण झालेली महाभारताची  चिकित्सक आवृत्ती यांमुळे पुणे हे संस्कृत विद्येचे केंद्र म्हणून यूरोप, अमेरिका व जपान येथे मान्यता पावले होते. महाभारताच्या  सभापर्वाचे संपादन अमेरिकन संस्कृतज्ञ फ्रँक्लिन एजर्टन याने केले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना गटिंगेन विद्यापीठाने १८८५ मध्ये सन्माननीय पदवी दिली होती. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचे भारतातील पहिले मुख्यालय डेक्कन महाविद्यालयात होते. १९६४ मध्ये पुणे विद्यापीठात संस्कृत प्रगत अध्ययन केंद्र सुरू झाले. अमेरिकेतील मिडवेस्ट भागातील महाविद्यालयांनी १९६९ पासून पुण्यात आपल्या विद्यार्थ्यांसाठी भारतविषयक अभ्यासक्रम चालविला. एलिनॉर झेलियट, गुंटर सोंथायमर, ॲन फेल्डहाउस यांसारख्या परदेशी अभ्यासकांनी पुण्यातील वास्तव्याचा आधार घेऊन मराठी समाज, धर्म व साहित्य यांविषयी मोलाचे संशोधन केले. हे सर्वजण पुण्यात आले, कारण त्यांना हवे असलेले ज्ञान अन्यत्र त्याच स्वरूपात मिळण्यासारखे नव्हते.

दुसऱ्या प्रकारचे परदेशी विद्यार्थी आफ्रिका व आशिया या खंडांतील नवस्वतंत्र व विकसनशील देशांतून आले. १९५० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्त्या हे त्यांच्या येण्याचे एक साधन होते. पुष्कळ विद्यार्थी स्वखर्चानेही येत. इंग्रजी माध्यम, यूरोप-अमेरिकेच्या मानाने अत्यल्प खर्च, सुसह्य हवामान व मायदेशी मान्य होणारी पदवी ही त्यांच्या दृष्टीने पुण्याची आकर्षणे होती. त्यांचे जीवन सुखाचेच होते असे नाही. फर्ग्युसन महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक व वसतिगृहाचे प्रमुख डॉ. शां. ब. मुजुमदार यांना मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी असल्याचे व त्याची शुश्रूषा करण्यास जवळचे कोणी नसल्याचे आढळून आले. परदेशी विद्यार्थ्यांच्या एकाकीपणाची ही जाणीव सिंबायोसिस या संस्थेच्या स्थापनेस (१९७१) कारणीभूत झाली. परदेशी विद्यार्थ्यांसाठी सांस्कृतिक केंद्र म्हणून सुरू झालेल्या या संस्थेस २००२ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. परदेशी विद्यार्थी टिकून राहण्यास वर्गाइतकेच वसतिगृह, भोजनगृह व आजारपणातील आपुलकी महत्त्वाची असते, हे यातून दिसून येते.

परदेशी विद्यार्थ्याच्या दृष्टीने पदवीचे मूल्य : लौकिक व मान्यता यांतील फरक येथे स्पष्ट होतो. लौकिक विद्वानांच्या तोंडी असतो; मान्यता कागदावर असते. भारतात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याच्या पूर्वीच्या परीक्षेची समकक्षता भारतीय विद्यापीठ संघ (१९२५ मधील आंतरविद्यापीठ मंडळ, १९७३ पासून सध्याचे नाव) ठरवितो. परतल्यावर त्याच्या भारतीय पदवीची शहानिशा मायदेशातील शासन वा सेवायोजक करतात. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता व १९९४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेची श्रेणी यांना त्यामुळे महत्त्व प्राप्त झाले. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१९-२० मध्ये भारतात ४९,३४८ परदेशी विद्यार्थी होते. २०२१-२२ मध्ये ही संख्या ४६,८७८ होती व त्यांपैकी सर्वाधिक, म्हणजे सु. २८%, विद्यार्थी एकट्या नेपाळचे होते. शासनाने २०१८ मध्ये भारतात शिक्षणासाठी परदेशी विद्यार्थ्यांना आकृष्ट करण्याची योजना सुरू केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये मंजूर जागांच्या २५ टक्क्यांपर्यंत अधिसंख्य जागा त्यांच्यासाठी निर्माण करण्यास मुभा दिली. देशातील एकूण विद्यार्थिसंख्येच्या मानाने परदेशी विद्यार्थ्यांचे हे प्रमाण अगदीच अल्प आहे व त्यांचा ओघ प्रामुख्याने मोठ्या शहरांकडे आहे.

खानदेशाचे स्वतंत्र विद्यापीठ : १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रातून जळगाव व धुळे हे जिल्हे त्याकडे आले. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झालेला नंदुरबार जिल्हाही त्याच्या क्षेत्रात आहे. २०१८ मध्ये त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे नाव देण्यात आले. जळगावजवळच्या आसोदे या गावी जन्मलेल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांचे नाव विद्यापीठास मिळाल्याने खानदेशाच्या मौखिक परंपरेचा औचित्यपूर्ण गौरव झाला.

या घटनेने विद्यार्थ्याच्या जवळच्या सोयी निःसंशय वाढल्या. परीक्षा, संशोधनमान्यता, गुणपत्रिकेतील दुरुस्ती यांसाठी सावदा वा शहाद्यासारख्या गावांतील विद्यार्थ्यास पुण्यापर्यंत जाण्याचे कारण उरले नाही. मुली, आदिवासी व शेतमजुरांच्या घरातील पहिल्या पिढीचे विद्यार्थी यांना याचा विशेष लाभ झाला. परंतु लौकिकाच्या दृष्टीने एक वेगळाच प्रश्न उद्‌भवला. त्याच महाविद्यालयात, बहुधा त्याच प्राध्यापकांच्या हाताखाली शिकलेल्या विद्यार्थ्याच्या पदवीपत्रावर आता परदेशांत अपरिचित असलेले नाव आले. एकाच गावात आजोबा मुंबई विद्यापीठाचे, वडील पुणे विद्यापीठाचे व नातू उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा पदवीधर, अशी तीन पिढ्यांची मालिका खानदेशात शक्य झाली. शिक्षणाच्या दर्जात फरक पडला वा न पडला, तरी परदेशी संस्थेत अर्ज करणाऱ्या नातवाला आपल्या विद्यापीठाची ओळख प्रथम करून द्यावी लागते. आजोबांना व वडिलांना उसना का होईना, पण तयार लौकिक मिळाला होता. नातवाच्या पिढीला तो स्वतः मिळवावयाचा आहे.

मूल्यमापन : खानदेशाच्या इतिहासातून परदेशी लौकिकाविषयी काही निष्कर्ष निघतात. पहिला असा, की लौकिक शहराच्या आकारावर अवलंबून नसतो. पाटण डोंगराच्या कुशीत होते व अमळनेर हे तालुक्याचे गाव होते. तरी तेथील विद्या दूर गेली, कारण ती विशिष्ट व सखोल होती. दुसरा असा, की केवळ विद्येच्या बळावर परदेशी विद्यार्थी येत नाही. नालंदेस त्यासाठी पाच गावांचे उत्पन्न लागले. पुण्यास वसतिगृहे, शिष्यवृत्त्या व मान्य पदवी लागली. तिसरा असा, की व्यवस्थेला अनेकांचा आधार असावा लागतो. राजाश्रय वा एका दात्याचे औदार्य संपले, की ग्रंथ उरतात व संस्था विरते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. आजच्या खानदेशात मान्य पदवी, विद्यापीठीय परिसर व संलग्न महाविद्यालयांचे जाळे आहे. ज्यासाठी दूरचा विद्यार्थी मुद्दाम येथेच येईल असा विषय हाच आता कळीचा प्रश्न आहे. अशा विषयांची येथे वाण नाही. अहिराणी व तावडी या बोली, भिल्ल व पावरा समाजांचे जीवन, तापीच्या खोऱ्यातील जलव्यवस्थापन, सावदा–रावेर–यावल पट्ट्यातील केळीची शेती, हे सर्व याच भूमीत प्रत्यक्ष पाहता येते. ग्रीअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात खानदेशीची नोंद १९०७ मध्येच झाली होती. जळगावच्या केळीस २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले. चांगदेवाने सर्व शास्त्रे शिकविणारा मठ काढला नाही. त्याने एका घराण्याचे एक शास्त्र निवडले व त्याच्या अध्यापनाची तरतूद बाजारातील देण्यापासून तेलाच्या घाण्यापर्यंत पक्की केली. खानदेशाला आपल्या विद्यापीठाचा लौकिक परदेशी न्यावयाचा असल्यास अनुकरणास योग्य असा नमुना पाटणच्या शिलालेखात आठशे वर्षांपूर्वीच कोरून ठेवलेला आहे.